मुलीच्या डोक्यातल्या खपल्या आणि अडकून पडलेला अहवाल

लहान मुलाच्या डोक्यातून सतत पांढरा भुसा पडत असेल, तर तो कोंडाच असणार असे कोणी गृहीत धरू नये, हे मी आता भेटेल त्या पालकांना आग्रहाने सांगते. माझ्या पाच वर्षांच्या मुलीच्या बाबतीत जो तो ‘कोंडा आहे, जाईल हळूहळू’ असेच म्हणत होता. तान्ह्या बाळाच्या डोक्यावरच्या तेलकट, पिवळसर खपल्या बहुधा वर्षभरात आपोआप जातात आणि नेहमीचा कोंडा सहसा वयात येताना सुरू होतो. मधल्या वयात खपल्या हटत नसतील, तर एक्झिमा, सोरायसिस किंवा बुरशीचा संसर्ग, म्हणजे डोक्यातला नायटा, यांपैकी काय आहे ते पाहावे लागते.

तिला कुठेही टक्कल पडलेले नव्हते. मात्र कानामागचे केस बाजूला केले की राखी रंगाचे सुके पापुद्रे दिसत आणि भरपूर उजेडात पाहिले, तर त्यांच्यामध्ये मुळाशीच तुटलेल्या केसांचे काळे ठिपके दिसत. मानेच्या मागे लहान गाठीही हाताला लागत. त्वचारोगतज्ज्ञांनी हे पाहून बुरशीची तपासणी लिहून दिली.

घोडे अडले ते प्रयोगशाळेत. पहिल्या वेळी तिथल्या कर्मचाऱ्याने कात्रीने केसांची टोके कापून घेतली आणि काही दिवसांनी ‘नमुना अपुरा’ असा शेरा मारून कागद परत आला. नमुना म्हणून खरवडलेल्या खपल्या आणि मुळाशी तुटलेले केस लागतात, कारण बुरशी तिथेच असते. हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर स्पष्ट लिहूनही ते कोणी वाचले नव्हते. दुसऱ्या वेळी मी स्वतः चिठ्ठीवरची ती ओळ वाचून दाखवली, तेव्हा कुठे नमुना नीट घेतला गेला. त्यानंतर सुरू झाली ती वाट पाहणे. बुरशी वाढवून पाहण्याच्या तपासणीला, म्हणजे कल्चरला, 2 ते 4 आठवडे लागतात, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. परंतु सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी एक-दोन दिवसांत होऊ शकते, आणि तिचा निकाल तयार असूनही ‘दोन्ही अहवाल एकत्रच मिळतील’ एवढेच उत्तर खिडकीवर पुन्हा पुन्हा मिळत राहिले. मूल रात्री झोपेत डोके खाजवत असताना तो कागद केवळ रिवाजापायी फायलीत पडून राहावा, याचा संताप अजून ओसरलेला नाही. शेवटी डॉक्टरांनी थेट फोन करून निकाल विचारला, तेव्हा केसांत बुरशी असल्याचे कळले आणि त्याच दिवशी औषध सुरू झाले. म्हणून नमुना देतानाच, सूक्ष्मदर्शकाचा अहवाल वेगळा आणि आधी द्यावा, असे लिहून घ्यावे.

नमुना देण्याआधी घरात असलेले बुरशीचे मलम किंवा औषधी शाम्पू डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. त्याने बुरशी सापडणे कठीण होते. स्टेरॉइडचे मलम तर मुळीच लावू नये, कारण खाज कमी होऊन बरे वाटते आणि संसर्ग आत पसरत राहतो.

या आजारात नुसते वरून लावण्याचे औषध पुरत नाही, कारण ते केसाच्या मुळापर्यंत पोहोचत नाही. तिला ग्रिसिओफुल्विन पोटातून दिले. ते स्निग्ध पदार्थांसोबत घेतल्यास अधिक चांगले शोषले जाते. हा उपचार साधारणपणे 6 ते 8 आठवडे चालतो. सोबतीला आठवड्यातून दोनदा किटोकोनॅझोलचा शाम्पू होता, तो इतरांना लागण होऊ नये म्हणून. लावल्यावर तो 5 मिनिटे तरी डोक्यावर ठेवायचा असतो, आणि तेवढा वेळ तिला स्वस्थ बसवणे मला जमले याचा अभिमान वाटतो. खपल्या लवकर कमी झाल्या, तरी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळ्या थांबवू नयेत. डोक्यावर मऊ, पू भरलेली सूज आली, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच दाखवावे.

घरातल्या सगळ्यांची डोकी तपासून घ्यावीत, फण्या, टोप्या आणि टॉवेल वेगळे ठेवावेत, आणि पाळलेल्या मांजराच्या किंवा कुत्र्याच्या अंगावर केस गेलेले चट्टे असतील, तर त्यालाही पशुवैद्याकडे न्यावे.