काळ्या मातीत फुटिंग टिकतं, फरशी उचलते

जळगाव, चोपडा, रावेरकडच्या घराला तडे गेले की आधी फुटिंगवर, म्हणजे कॉलमखालच्या पायावर, संशय घेतला जातो. बऱ्याचदा ते निर्दोष असतं. दुमजली-तिमजली घराच्या कॉलमखाली भारच इतका असतो की काळी माती त्याला सहसा हलवू शकत नाही. ती उचलते हलक्या गोष्टी: प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरचा बीम), फरशी, ओटा, कंपाउंडची भिंत. आणि ड्रॉइंगमध्ये नेमक्या याच गोष्टी दोन ओळींत उरकलेल्या असतात.

सॉइल रिपोर्टमध्ये फक्त एसबीसी, म्हणजे जमीन किती भार पेलते तो आकडा, पाहून थांबू नका. मे महिन्यात काळी दगडासारखी टणक लागते, त्यामुळे आकडा फसवा असतो. भिजल्यावरची ताकद विचारा. फ्री स्वेल, म्हणजे माती भिजून किती फुगते ही चाचणी, तर साईटवरच्या खोलीतही करून बघता येते. ओव्हनमध्ये वाळवून 425 मायक्रॉन चाळणीतून गाळलेली माती 10-10 ग्रॅम घ्या. 100 मिलीच्या एका नळकांड्यात रॉकेल, दुसऱ्यात डिस्टिल्ड पाणी. ढवळून हवा काढा, निदान 24 तास ठेवा. रॉकेलमध्ये 10 मिली आणि पाण्यात 18 मिली थर बसला तर फुगवटा 80 टक्के. पन्नासच्या वर गेलं की नेहमीचं ड्रॉइंग बाजूला ठेवा.

मुरूम किंवा खडक जवळ असेल तर काळी काढून थेट त्यावर टेकणं उत्तम. थर खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खालच्या बाजूला बल्बसारखा फुगीर केलेला काँक्रीटचा खांब. भारतीय मानक आयएस 2911 च्या तिसऱ्या भागानुसार अशा जमिनीत पाइलची लांबी किमान साडेतीन मीटर, कारण वरच्या थरातला ओलावा ऋतूप्रमाणे बदलतो. बल्बचा व्यास साधारण पाइलच्या दांड्याच्या अडीच पट. पाइलवरच्या बीमखाली किमान 80 मिमी पोकळी हवी. पण पीसीसी (साधं, बिनसळईचं काँक्रीट) मारून त्यावरच बीम ओतला की ती पोकळी कागदावरच राहते. सेंट्रिंग काढल्यावर हात घालून तपासा, आणि आतल्या बाजूला शहाबादी फरशी उभी लावा, नाहीतर भरावाचा मुरूम घसरून पोकळी बुजते.

भराव हा खरा कळीचा मुद्दा. खोदलेली काळी वाहून न्यायचे पैसे वाचवायला ठेकेदार तीच प्लिंथमध्ये ढकलतो. मुरूम 15-20 सेंमीच्या थरांत, पाणी मारून, ठोकून घ्या. नुसती वाळू भरू नका. निचरा नसेल तर ती पाण्याची टाकीच होते. बाहेरून मीटर-दीड मीटर रुंद, बाहेरच्या उताराचा पक्का पट्टा द्या. शोषखड्डा आणि कडुनिंब भिंतीपासून लांब.

केळीच्या शेताचा एनए (बिगरशेती) केलेला प्लॉट असेल तर जास्त जपा. वर्षानुवर्षं ठिबकने ओली राहिलेली जमीन पाणी बंद झाल्यावर आकसते, तीही सगळीकडे सारखी नाही.

तडा वाचताही येतो. वर रुंद, खाली बारीक असेल तर बहुधा घराच्या कडा खचल्यात, उन्हाळ्यातलं आकसणं. खाली रुंद असेल तर कडा उचलल्यात. पाणी कुठून शिरतंय ते शोधा, पहिली झडती नहाणीच्या पाइपची. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, रुंदी मे आणि सप्टेंबरमध्ये मोजा. मालक कितीही घाई करो, पाण्याचा बंदोबस्त होऊन एक पावसाळा जाईपर्यंत तड्यात लांबी (पुट्टी) भरू नका.