उंदराला एमएस होतच नाही

दर थोड्या दिवसांनी एक बातमी फिरत येते, एमएसवर उपाय सापडला, उंदरांवरचा प्रयोग यशस्वी वगैरे. एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, स्वतःचीच इम्यून सिस्टीम मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करते तो आजार. घरात कोणाला तो असेल तर ती लिंक तुम्हाला चार जण फॉरवर्ड करतात आणि खाली हात जोडलेले इमोजी. माझ्या मावसबहिणीला एमएस आहे. तिची अशा लिंकवरची ठरलेली प्रतिक्रिया म्हणजे "चला, अजून एक उंदीर बरा झाला, माझा नंबर कधी?" तिच्यामुळेच मी हे सगळं वाचायला लागले आणि मग सुटलंच नाही.

तर मुळात उंदराला एमएस होत नाही. आपला आपण तर नाहीच नाही, लॅबमध्ये तो मुद्दाम आजारी पाडावा लागतो आणि जो आजार होतो त्याला ईएई म्हणतात, एक्सपेरिमेंटल ऑटोइम्यून एन्सेफलोमायलायटिस. बातमीत हे नाव कधीच नसतं, तिथे सरळ "एमएस झालेले उंदीर" असं ठोकून देतात.

याची सुरुवातही गंमतशीर आहे, म्हणजे ज्यांना भोगावं लागलं त्यांच्यासाठी गंमत नव्हती. रेबीजची जुनी लस सशाच्या मज्जारज्जूपासून बनवायचे आणि ती घेतलेल्या काही लोकांना लसीनंतर लकवा व्हायचा. दोष रेबीजच्या व्हायरसचा की त्यासोबत टोचल्या गेलेल्या मज्जासंस्थेच्या ऊतीचा, हा प्रश्न होता. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये थॉमस रिव्हर्स यांनी माकडांना सशाच्या मेंदूचा अर्क पुन्हा पुन्हा टोचला, व्हायरसचा काही संबंध नाही, आणि काही माकडांच्या मेंदूत सूज आली, चेतातंतूंवरचं मायेलिनचं आवरण गेलं. म्हणजे बाहेरचा शत्रू कोणी नव्हताच, माकडाची स्वतःची इम्यून सिस्टीमच स्वतःच्या मेंदूवर उलटली होती.

आताची उंदरांची पद्धत बरीच आटोपशीर आहे. मायेलिनमध्ये मॉग नावाचं एक प्रोटीन असतं, त्याचा फक्त २१ अमिनो ॲसिडचा तुकडा घ्यायचा, तो फ्रॉइंडच्या ॲडज्युव्हंटमध्ये, म्हणजे तेल आणि त्यात मारलेले टीबीचे जंतू, चांगला घट्ट पांढरा होईपर्यंत घोटायचा आणि उंदराच्या कातडीखाली टोचायचा. शिवाय त्याच दिवशी आणि दोन दिवसांनी डांग्या खोकल्याच्या जंतूचं टॉक्सिन. थोडक्यात घरच्याच माणसाचा फोटो पोलिसांना द्यायचा आणि तो टीबीवाल्या टोळीच्या फोटोंमध्ये मिसळून द्यायचा, पोलीस बिचारे त्यांचं काम चोख करतात.

मग साधारण दहा ते चौदा दिवसांनी शेपटी जाते. इथे सगळी मोजणी शेपटीपासूनच सुरू होते. धडधाकट उंदराला शेपटीच्या बुडाशी धरून उचललं की तो मागचे पाय फाकवतो आणि शेपटीचं टोक हलत, वळत राहतं. आजार सुरू झालेल्या उंदराची शेपटी नुसती लोंबते, बोट लावलं तरी काही नाही. तो स्कोअर १. मागचे पाय लटपटायला लागले की २, पूर्ण ओढत चालला की ३, लकवा पुढच्या पायांपर्यंत आला की ४ आणि मेला की ५. रोज एक माणूस पिंजऱ्यापाशी बसून हे आकडे वहीत लिहितो आणि "औषधाने एमएस ७० टक्के कमी" टाइपच्या ज्या बातम्या आपण वाचतो त्यांच्या मुळाशी बरेचदा ही वही असते.

हे वाचून वाटेल की मी उंदरांच्या विरोधात आहे. नाही. एमएसमध्ये इम्यून सिस्टीम नेमकं काय करते यातलं कितीतरी आपल्याला ईएईनेच शिकवलंय. आजारी रॅटच्या (म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराच्या) लसिका ग्रंथींमधल्या पेशी निरोगी रॅटमध्ये घातल्या तर त्यालाही आजार होतो, हे १९६० मध्येच दिसलं होतं आणि १९८१ मध्ये तर मायेलिन ओळखणाऱ्या टी पेशी (इम्यून सिस्टीमच्या एका प्रकारच्या पेशी) बाहेर वाढवून फक्त त्या टोचून आजार करून दाखवला. म्हणजे गुन्हेगार कोण हे कळलं. पुढचा प्रश्न, या पेशी रक्तातून मेंदूत शिरतात कशा, कारण तिथे तर ब्लड ब्रेन बॅरिअर आहे, म्हणजे रक्त आणि मेंदूच्या मधली भिंत. १९९२ मध्ये रॅटवरच दिसलं की टी पेशींच्या अंगावरचं एक रेणू, अल्फा-४ इंटेग्रिन, ते अँटीबॉडीने झाकलं की पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटू शकत नाहीत आणि आत जाताच येत नाही. त्यातून नॅटॅलिझुमॅब हे औषध आलं, २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर, आजही वापरतात आणि एमएसचे ॲटॅक, म्हणजे लक्षणं अचानक उसळणं, कमी करण्यात ते खरंच दमदार आहे.

पण २००५ च्या फेब्रुवारीत तेच औषध बाजारातून काढून घ्यावं लागलं. काही पेशंटना पीएमएल हा मेंदूचा भयंकर आजार झाला. तो जेसी व्हायरसमुळे होतो, हा व्हायरस पुष्कळ माणसांच्या शरीरात गपचूप पडून असतो आणि मेंदूत पहारा द्यायला येणाऱ्या पेशींची वाटच बंद केल्यावर त्याला रान मोकळं. २००६ मध्ये औषध कडक अटींसह परत आलं. आता उंदराला किंवा रॅटला हे आधी कसं दिसणार, जेसी व्हायरस माणसाचा आहे, त्यांना तो होतच नाही.

आणि जे उलटलं त्याची यादी तर ऐकाच. टीएनएफ हे इम्यून पेशींचे निरोप नेणारं एक प्रोटीन, तो अडवला की उंदीर सुधारतात, म्हणून तो अडवणारं लेनरसेप्ट माणसांना दिलं, त्यांचे ॲटॅक वाढले, १९९९ मध्ये ते छापून आलं. गॅमा इंटरफेरॉन या तसल्याच दुसऱ्या प्रोटीनचं बरोब्बर उलट, १९८० च्या दशकात पेशंटना दिलं तर तब्येत बिघडली आणि उंदरात मात्र तो काढून टाकला तर आजार वाढतो, म्हणजे तिथे तो वाचवतोय. इंटरल्युकिन-२३ हे तिसरं तसलंच प्रोटीन नसलेल्या उंदरांना ईएई होतच नाही, इतकं स्वच्छ उत्तर मिळालं होतं, पण ते अडवणारं उस्टेकिनुमॅब एमएसच्या ट्रायलमध्ये काहीच फरक पाडू शकलं नाही. (सोरायसिसला मात्र तेच औषध मस्त चालतं.)

सगळ्यात मोठी हुकलेली गोष्ट मला वाटते ती बी पेशींची, म्हणजे इम्यून सिस्टीमच्या अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींची. मॉगचा तो छोटा तुकडा टोचून केलेल्या ईएईला बी पेशी लागतच नाहीत, त्यामुळे कित्येक वर्षं सगळ्यांची नजर टी पेशींवर. आणि माणसांमध्ये काय झालं, बी पेशी साफ करणाऱ्या रिटुक्सिमॅबने २००८ मध्ये मेंदूतले नवे डाग धडाधड कमी केले आणि २०१७ मध्ये तसंच काम करणारं ऑक्रेलिझुमॅब मंजूर झालं. माझी बहीण सध्या त्याच जातीच्या औषधावर आहे. संशोधक नुसत्या त्या पिंजऱ्यावर विसंबून राहिले असते तर तिला ते मिळालंच नसतं.

उलटा योगायोगही आहे. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये मायेलिनच्या प्रोटीनची नक्कल करणारं एक रसायन बनवलं होतं, हेतू असा की त्याने ईएई व्हावा. झाला नाही. उलट आजार दाबला गेला. तेच ग्लॅटिरामर, १९९६ पासून अमेरिकेत एमएसचं औषध.

माझ्या मते घोळ असा आहे की ईएईमध्ये हल्ला कसा होतो ते दिसतं, पण हल्ला का सुरू झाला ते तिथे शोधण्यात अर्थच नाही, कारण तो आपणच सुरू केलेला असतो, तारीख लिहून, सुई घेऊन. माणसात तो का सुरू होतो याचा आतापर्यंतचा सगळ्यात तगडा धागा मिळाला तो उंदरांकडून नाहीच, अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या नोंदींमधून मिळाला. २०२२ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात एप्स्टाइन-बार व्हायरसचा संसर्ग झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट वाढलेला दिसला. हा व्हायरस जगात जवळपास सगळ्यांनाच होतो, म्हणून तो एकटा पुरत नाही, सोबत अजून काही लागतं. आणि विशेष म्हणजे तो जिथे मुक्काम ठोकतो त्या पेशी म्हणजे बी पेशीच.

साध्या उंदराला हा व्हायरसही होत नाही. आता माणसाच्या इम्यून पेशी घालून वाढवलेल्या उंदरांमध्ये तो टाकून बघतायत, त्याचे पेपर मी वाचतेय. बहिणीला अजून फॉरवर्ड केलेले नाहीत.