रक्त मूळव्याधीचेच कशावरून?

आमच्या निपाणी-चिकोडी भागात रस्त्याकडेच्या भिंतींवर मूळव्याधीच्या जाहिराती मराठीत आणि कन्नडमध्ये शेजारीशेजारी रंगवलेल्या दिसतात. आजाराचे नाव दोन्ही भाषांत जवळपास एकच असल्यामुळे वाचणाऱ्याचीही सोय होते. शौचाच्या वेळी रक्त दिसले की आपले निदानही त्या भिंतीवरूनच ठरते, हे मी माझ्या मामांच्या बाबतीत जवळून पाहिले आहे.

मामा तेव्हा 58 वर्षांचे होते. तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिण्याचे काम असल्याने दिवसभर बैठक. संडास धुताना मामींना भांड्याच्या कडेला लाल थेंब दिसले आणि त्यांनी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, "उष्णता झाल्या, दुसरं काय नाही." त्यानंतर तिखट बंद झाले, ताक आणि सब्जा सुरू झाला, आठवड्यातून दोनदा सुरणाची भाजी होऊ लागली आणि अखेरीस जाहिरातीतल्या एकाकडून चूर्णही आले. चूर्ण घेतल्यावर पंधरा दिवस रक्त दिसले नाही, म्हणून ते लागू पडले असे सर्वांनी मानले. रक्त मूळव्याधीचे असो वा आतड्यातील गाठीचे, ते मधूनमधून आपोआप थांबते, हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

सात महिन्यांनी वखारीचा जिना चढताना त्यांना धाप लागू लागली. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन 8.9 निघाले, आणि मग आम्ही त्यांना बेळगावला एका सर्जनकडे नेले. डॉक्टरांनी आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत विचारले, रक्त शौचाच्या आधी पडते की नंतर, वरून लागलेले असते की शौचात मिसळलेले, दुखते का, रंग कोणता? दोन्ही भाषा अस्खलित बोलणाऱ्या मामांना एकाही भाषेत उत्तर देता येईना. लाज हे या दुखण्याचे अर्धे कारण नसले, तरी उशिराचे बहुतेक कारण तेच असते.

त्या प्रश्नांना अर्थ असतो. शौचानंतर ताज्या लाल रक्ताचे थेंब टपकतात आणि दुखत मात्र नाही, असे बहुधा आतल्या मूळव्याधीत होते. काच कापत गेल्यासारखी वेदना, नंतर बराच वेळ राहणारी आग आणि शौचावर रक्ताची बारीक रेघ असेल, तर बहुधा फिशर, म्हणजे कडक शौचामुळे गुदद्वाराला पडलेली चीर असते. भगंदरात रक्तापेक्षा पू आणि पुन्हापुन्हा येणारे गळू यांचा त्रास अधिक. रक्ताबरोबर आव, पोटात मुरडा आणि ताप असेल तर जंतुसंसर्ग संभवतो. पण हीच रक्ती आव आठवडेच्या आठवडे हटली नाही, तर आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिससारख्या आजाराचा विचार करावा लागतो. उतारवयात मोठ्या आतड्याच्या भिंतीत तयार झालेल्या लहान पिशव्यांतूनही एकाएकी पुष्कळ रक्त जाऊ शकते, तेही पोटात न दुखता. पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढणारा मांसल कोंब, आणि कर्करोग हीदेखील कारणे आहेतच. मूळव्याधीचे रूपांतर कर्करोगात होत नाही. मात्र दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात, आणि खरी फसगत तिथेच होते.

रंगाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. डांबरासारखे काळे, चिकट आणि विलक्षण दुर्गंधी असलेले शौच म्हणजे बहुधा जठरातून किंवा त्याच्या जवळपास झालेला रक्तस्राव. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणून महिनोन्महिने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या हे त्याचे एक नेहमीचे कारण आहे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते, पण ते असे चिकट नसते, आणि बीट खाल्ल्याने लालसर झालेले शौच पाहून दचकलेले लोकही मला माहीत आहेत. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना रक्त दिसले, तर ती आपल्या मनाने बंद करू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

रक्त भरपूर जात असेल, गुठळ्या पडत असतील, चक्कर येऊन घाम फुटत असेल किंवा शौच डांबरासारखे असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. रक्त थोडे असले तरी ते पुन्हापुन्हा दिसणे, वजन उतरणे, शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहणे, पोट साफ झाले नाही असे सतत वाटणे, अशक्तपणा, चाळिशी-पंचेचाळिशी उलटलेली असणे किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर तपासणी टाळू नये. तरुणांनीही वयावर भरवसा ठेवू नये. स्त्रिया तर पाळीचे किंवा बाळंतपणानंतरचे म्हणून हे रक्त वर्षानुवर्षे अंगावर काढतात.

मामांची आधी बोटाने आणि मग प्रॉक्टोस्कोपने, म्हणजे गुदद्वारातून आत पाहण्याच्या छोट्या नळीने, तपासणी झाली. मूळव्याध होतीच. आम्ही सुटकेचा श्वास सोडणार तोच डॉक्टर म्हणाले, "ही आहे म्हणून वर काही नाही, असं मी पाहिल्याशिवाय म्हणणार नाही." कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, ठरली. आतून दुर्बीण घालण्यापेक्षा आदल्या रात्रीची तयारीच मामांना अवघड गेली. पोट साफ करणारे ते खारट-गोड पाणी ते पेल्यापेल्याने पीत होते आणि दर पेल्यामागे मामी भिंतीवर खडूने एक रेघ ओढत होत्या. प्रत्यक्ष तपासणी गुंगीचे औषध देऊन अर्ध्या-पाऊण तासात संपली.

मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात सुमारे दोन सेंटिमीटरचा पॉलिप सापडला आणि तारेच्या फासाने तो तिथल्या तिथे काढून तपासणीला पाठवला गेला. अहवालात कर्करोगापूर्वीचे बदल होते, कर्करोग नव्हता. असा कोंब कर्करोगात बदलायला सहसा बरीच वर्षे लागतात. आमचे सात महिने त्या हिशेबात खपून गेले, हा निव्वळ योग. मूळव्याधीवर नंतर रबर बँड बसवले, आणि आता इसबगोल, भाजी-भाकरी आणि भरपूर पाणी एवढ्यावर चालले आहे. संडासात मोबाइल नेण्यास मात्र मामींची सक्त बंदी आहे.

मामांची पुढची कोलोनोस्कोपी तीन वर्षांनी आहे, आणि मुलांनीही चाळिशीला तपासून घ्यावे असे डॉक्टरांनी सांगितले आहे. थोरल्याला पुढच्या वर्षी चाळीस पूर्ण होतात. तो "बघू की" म्हणाला, तेव्हा मामांनी वखारीच्या वहीतले एक पान फाडून त्यावर तारीख लिहिली आणि त्याच्या खिशात घातली.