हायकोर्टाभोवतीचं गाव

माझा भाचा इंडियानात नोकरीला आहे. परवा त्याने ग्रीन्सबर्गच्या कोर्टाचे फोटो पाठवले. "मावशी, मनोऱ्यावर काय उगवलंय बघ!" घड्याळाच्या मनोऱ्यातून चक्क तुतीचं झाड वर आलंय. १८७० च्या दशकापासून तिथे झाडं उगवतायत आणि गावाने ती जपलीत. आपल्याकडे दगडी भिंतीत पिंपळ रुजला की काढायचा कसा याचीच धास्ती!

पण मी बघत बसले ते कोर्टाच्या चौकाकडे. मधोमध कोर्ट, चहूबाजूंनी जुन्या विटांच्या इमारती, खाली दुकानं. तिकडे जिल्ह्याच्या कितीतरी गावांची बांधणी अशीच. तारखेला आलेला माणूस बाजारही तिथेच उरकणार.

मी वकिलांकडे क्लार्क आहे, मुंबईच्या फोर्टात. आमच्याकडे मध्ये ओव्हल मैदान आणि हायकोर्ट त्याच्या काठाला. शेजारी राजाबाई टॉवर, आणि मैदानापलीकडे १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. २०१८ मध्ये हा सगळा परिसर जागतिक वारशाच्या यादीत गेला. फुलर नावाच्या इंजिनिअरने आखलेलं हायकोर्ट १८७८ मध्ये पूर्ण झालं. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, आमचं मॅटर खाली असलं की मी खांबांचे माथे बघत फिरते. एकावर माकड आहे: एका डोळ्यावर पट्टी, हातात तराजू. न्यायाच्या घरात हे कोरायची कारागिराची हिंमत मला फार आवडते. टिळकांवर १९०८ चा खटला चालला ते दालनही इथेच, बाहेर त्यांचे शब्द कोरलेली पाटी आहे.

या दगडाला जिवंत ठेवलंय ते आसपासच्या गल्ल्यांनी. नोटरी, टायपिस्ट, स्टॅम्पवाले, झेरॉक्स, कायद्याच्या पुस्तकांची दुकानं. दुपारी प्रतिज्ञापत्रात एक ओळ चुकली तर टायपिस्ट जेवणाचा डबा बाजूला सारून नवं पान काढून देतो, कारण चारच्या आत फाइल करायचं असतं हे त्याला सांगावं लागत नाही. काळा घोड्याच्या एस्प्लनेड मॅन्शनमध्येही वकिलांच्या केबिनी होत्या. तेच जुनं वॉटसन हॉटेल, इंग्लंडहून आणलेल्या लोखंडी सांगाड्यावर उभं केलेलं. २०१९ मध्ये इमारत रिकामी केली. माणसं गेली की इमारतीची रया किती लवकर जाते, ते तिथे दिसतं.

आता नवीन हायकोर्ट वांद्र्याला होणार. जागा अपुरी पडते हे मला मान्यच आहे, कॉरिडॉरमध्ये पक्षकारांना धड उभंही राहता येत नाही. पण जुन्या इमारतीचं नुसतं संग्रहालय करू नये. काही कोर्टरूम इथेच चालू ठेवाव्यात, रोजचा बोर्ड लागावा. आणि वांद्र्याच्या आवारात टायपिस्ट-स्टॅम्पवाल्यांना परवडेल अशी जागा आराखड्यातच दाखवावी. इमारत वर गेल्यावर त्यांच्यासाठी कोण भिंत पाडणार आहे?