पैठण: आधी पाणी, मग गाव, बाग शेवटी

पैठणला येणारी बहुतेक मंडळी आधी संत एकनाथांच्या समाधीचं दर्शन घेतात, भर दुपारी बागेत फिरतात आणि उजेड असतानाच परततात. आमचं अंथरूण-पांघरूण, शेगडी सगळं गाडीतच असतं, त्यामुळे घाई नव्हती. आदल्या रात्री एका शेतकऱ्याला विचारून त्यांच्या खळ्याशेजारी गाडी लावली. जायकवाडी धरणाच्या भिंतीजवळ मुक्कामाचा विचारही करू नका, तो सुरक्षेचा भाग आहे.

जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी असते. चहा घेऊन उजाडायला नाथसागराच्या काठावर पोचलो. धरणाचा हा जलाशय पसरट आणि उथळ. पाणी ओसरलं की काठाला चिखल उघडा पडतो आणि पाखरं तिथंच उतरतात. १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे. ही दुर्बीण लावून म्हणाली, "अहो, ते दगड नाहीत, चक्रवाक आहेत!" खरंच, भगव्या अंगाची ती बदकं माना पंखांत खुपसून बसली होती. फ्लेमिंगो मात्र दिसले नाहीत. पाणी दर वर्षी वेगळ्या जागी ओसरतं, तेव्हा पाखरं कुठं आहेत हे मासेमारी करणाऱ्यांना विचारा. आणि गाडी काठापर्यंत नेऊ नका. वरून कोरडी दिसणारी काळी माती आत ओली असते.

ऊन चढायच्या आत गावात. गल्ल्या अरुंद आहेत, मोठी गाडी बाहेरच लावून पायी फिरावं. नाथांची मंदिरं दोन: गावातलं म्हणजे त्यांचा राहता वाडा, आणि बाहेरचं म्हणजे गोदाकाठची समाधी. नवखे लोक समाधीवरूनच परततात. वाडा चुकवू नका, देवानं श्रीखंड्या होऊन नाथांच्या घरी पाणी भरलं असं सांगतात, तो रांजण तिथंच आहे. पुढे नागघाट, जिथं ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद बोलवले असं सांगतात.

पैठणी विणताना पाहायला हवीच. मागावर एक ताई पदराचा मोर विणत होत्या. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी, मोजून दोन-चार धागे ओलांडायचे की दुसरी उचलायची. तासाभरात बोटभर काम पुढं सरकलं असेल. मग किमतीबद्दल घासाघीस करायची आमची हिंमतच झाली नाही. घ्यायचीच असेल तर पदर उलटा करून बघा. हातमागाची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. मागे सुटे धागे लोंबत असतील तर ती यंत्रावरची.

दुपारी पुन्हा खळ्यावर. आगटीत, म्हणजे खड्ड्यातल्या विस्तवात, भाजलेली ज्वारीची कोवळी कणसं काढून, तळहातावर चोळून, फुंकर मारून दिलेला गरम हुरडा, सोबत दाण्याची चटणी आणि गूळ. नंतर जेवायची सोय उरली नाही. हुरडा डिसेंबर-जानेवारीतलाच, फार उशीर केलात तर ज्वारी निबर होते.

ज्ञानेश्वर उद्यान संध्याकाळी. म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवरची, धरणाच्या पायथ्याची ही बाग. कारंजी आणि रोषणाई चालू आहे का, कितीला, हे आधी विचारून मगच मुलांना कबूल करा. आम्हाला मोठ्या झाडांखाली चालणंच पुरलं. धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली. २७ दरवाजे आहेत, पण हिवाळ्यात ते उघडलेले पाहायची आशा नको.

फाल्गुन वद्य षष्ठीच्या आसपास, म्हणजे नाथषष्ठीला, गाडी घेऊन येऊ नका. तेव्हा दिंड्यांचं गाव असतं, यायचं तर एसटीनं. परतताना संभाजीनगर रस्ता पन्नासेक किलोमीटरच आहे, पण उसाच्या हंगामात रात्री काढू नका. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय चालतात.