वेळासची टोपली

खरं सांगायचं तर मला वेळासला जायचंच नव्हतं. मार्चअखेरीला कोकणात जाणं म्हणजे पैसे देऊन घाम विकत घेणं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण लेकीच्या (इयत्ता चौथी) डोक्यात कासव घुसलं होतं आणि बायको तिच्या पार्टीत गेली, मग काय, २ विरुद्ध १.

ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवायची, पलीकडे वेसवी, मग बाणकोटवरून वेळास. फेरीच्या रांगेत पाऊण तास गेला. गाडी चालू, एसी १८ वर. हे आत्ताच सांगून टाकतो, नंतर जीभ रेटणार नाही.

राहायला गावातल्याच एका काकूंकडे. कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी आणि दुसऱ्या दिवशी उकडीचे मोदक, मी सात खाल्ले आणि बायकोने मोजले. मागची सुपारीची वाडी बघायला काकूंनी नेलं तर मधेमधे चक्क मोकळं आभाळ दिसत होतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात सुपाऱ्या काडीसारख्या मोडल्या, नवीन लावल्यात पण सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. "पूर्वी इथे दुपारी पण सावली असायची हो, आता ऊन थेट जमिनीवर उतरतं," काकू म्हणाल्या आणि लगेच सोलकढी अजून वाढू का विचारलं.

आता मुद्द्याचं. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येते, फूट-दीड फूट खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि निघून जाते. कोल्हे-कुत्र्यांनी ती खाऊ नयेत म्हणून कासवमित्र अंडी उचलून जाळीच्या कुंपणात, म्हणजे हॅचरीत, तसाच खड्डा करून पुरतात. दिवस भरत आले की त्यावर टोपली पालथी घालतात. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलायची, खाली पिल्लं असली तर समुद्राकडे सोडायची. वेळासचा कासव महोत्सव म्हणतात तो हाच.

पहिल्या संध्याकाळी दीड-दोनशे माणसं. टोपली उचलली, खाली नुसती वाळू. सगळ्यांच्या तोंडून "अर्रर्र" निघालं आणि एक गृहस्थ मागून चिडून म्हणाले, "एवढ्या लांबून आलो, काहीतरी दाखवा ना!" जसं काही तिकीट काढून सर्कशीला आलेत. (मनातून मीही तेच म्हणत होतो.) दुसऱ्या सकाळी मात्र तीन पिल्लं निघाली. तळहातापेक्षा लहान, काळपट, ओल्या वाळूवर रांगोळीसारख्या रेघा काढत गेली. दोरीच्या अलीकडे रेटारेटी, सगळे मोबाईल वर, माझ्या लेकीला दिसल्या त्या फक्त लोकांच्या पाठी.

ती रडवेली झाली म्हणून आम्ही मागे रेंगाळलो आणि ते बरं झालं. गर्दी नाश्त्याला पांगल्यावर एक कासवमित्र, पंचविशीतला पोरगा, दिवस उलटून गेलेलं घरटं उकरायला बसला. काठीवरच्या पाटीवर तारीख आणि खाली १२४ अंडी. खांद्यापर्यंत हात घालून तो एकेक बाहेर काढत होता आणि गोणपाटावर लावत होता. फुटलेली टरफलं एका रांगेत, जशीच्या तशी राहिलेली अंडी दुसऱ्या. टरफलांची रांग लवकर संपली, दुसरी वाढतच गेली. एक अंडं त्याने फोडलं तर आत पूर्ण पिल्लू, डोळे मिटलेले, पोटाला पिवळा बलक तसाच चिकटलेला, वाळून कडक झालेलं. लेकीने हात मागे घेतला. मला वाटलं आता रडणार, पण तिने विचारलं, "दादा, हा मुलगा होता की मुलगी?"

"बघून नाही कळत गं," तो म्हणाला, आणि वाळूत खोचलेला थर्मामीटर दाखवला. कासवाचं नर की मादी हे वाळू ठरवते म्हणे. २९-३० डिग्रीच्या आसपास दोन्ही, त्याखाली बहुतेक नर, त्यावर बहुतेक माद्या, आणि ३५ च्या पुढे गेलं की आतच शिजतात. शिजतात हा त्याचाच शब्द. म्हणून कुंपणावर हिरवी नेट ताणली होती, संध्याकाळी पाणीही शिंपडतात. "हे घरटं उन्हानेच गेलं का?" मी विचारलं. तर म्हणाला, "तसं छातीठोक नाही सांगता येत, काही अंडी मुळातच फळलेली नसतात. पण वाळू तापली की दिवस लवकर भरतात, आमचा हिशेब चुकतो. तुम्ही येता तेव्हा पिल्लं आधीच गेलेली असतात."

म्हणजे कालच्या त्या चिडलेल्या गृहस्थांच्या तक्रारीचं उत्तर हे होतं, आणि ते बहुतेक तेव्हा पोहे खात होते.

रात्री लाईट गेली. अंगणात झोप येईना म्हणून मोबाईलवर वाचत पडलो. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तरेकडच्या गरम किनाऱ्यांवरची हिरवी कासवं शास्त्रज्ञांनी तपासली, २०१८ साली ते छापून आलं, लहान कासवांत ९९ टक्के माद्या. वेळासचं काय ते त्यात अर्थातच नव्हतं. आपल्याकडे २०२२ च्या जानेवारीत याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर सॅटेलाईट ट्रान्समीटर बसवला, नाव ठेवलं प्रथमा. ती समुद्रात कुठे फिरते ते समजत होतं. तिच्या पिल्लांत नर किती होते, ते कोणाला विचारणार?

हरिहरेश्वर राहिलंच. परतीला फेरीच्या रांगेत मी गाडी बंद करून काचा खाली केल्या. अकरा मिनिटं टिकलो. बायको काही बोलली नाही, लेकीनेच पुढे वाकून एसीचं बटण दाबलं.

निघताना त्या पोराला नंबर दिला होता. आठवड्याने व्हॉट्सअॅप आला, "३७ नंबरच्या घरट्यातून आज सकाळी ५८ गेली. ताईला सांगा, मुलगा-मुलगी विचारू नको."

लेकीने उत्तर टाईप केलं, "ओके. पण पाणी शिंपडलं का?"