ड्रॉइंगचे सर आणि पाकळीचा ल

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा बाईंचा निरोप आला तेव्हा शाळेबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे असं वाटलं होतं. प्रत्यक्षात ड्रॉइंगच्या सरांपलीकडे गाडी जाईना. सरांचं नाव लिहीत नाही, आपल्याकडे ते सांगावं लागत नाही. बाकीच्या गुरुजनांबद्दल बाकीचे लिहितीलच.

एलिमेंटरी कशीबशी निघाली, इंटरमिजिएटला मी आपटलो. स्थिरचित्रातला तांब्या कलंडलेला आणि स्मरणचित्रातल्या बाजारात एकाही माणसाला गुडघे नाहीत. घरी फर्मान निघालं, रंग पुरे, आता दहावीकडे बघा. सरांनी मला मधल्या सुट्टीत हॉलमध्ये बोलावलं. म्हणाले, "तांब्याचा नाद सोड. तुझं अक्षरलेखन बरं आहे. यंदा फक्त अक्षर." आणि माझी रंगपेटी उचलून स्वतःच्या कपाटात ठेवून दिली!

मग बोरू आला, काडीची लेखणी. सर ब्लेडने त्याचं टोक तिरकं छाटायचे, अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचे, मगच हातात द्यायचे. दिवाळीपर्यंत नुसते दंड आणि शिरोरेषा. त्यानंतर ल. मी हिंदीच्या पुस्तकातला दांडीचा ल काढला, तर सरांनी बालभारती उघडून शेजारी ठेवली. "आपला ल पाकळ्यांचा. पण दोन्ही पाकळ्या मोजून सारख्या काढल्यास तर चष्मा दिसेल. बोरूचा कोन बदलू नकोस, जाड-बारीक तो आपोआप देतो." घंटा झाली, वर्ग भरला, आम्ही दोघं ल वरच. गणिताच्या बाईंनी शिपाई पाठवला, त्यालाही सरांनी थांबवून विचारलं, यातला कुठला बरा वाटतो? शिपाईमामांनी बोट ठेवलेलाच ल खरोखर चांगला होता.

शासनाने २००९ साली निर्णय काढून मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला. सर तेव्हा निवृत्त झालेले. मला मात्र सरच जिंकल्यासारखं वाटलं.

पुढे नोकरीत, विंडोजमधला मंगल फाँट सुलेखनकार र. कृ. जोशींनी घडवला हे समजलं आणि अक्षरं काढून पोट भरता येतं याची खात्री पटली. आज पुण्यात मी देवनागरी फाँट करतो. जोडाक्षरं धरून एका फाँटला शेकडो आकार लागतात. ‘ल्ल’ किंवा ‘श्र’ पुढे अडलो की संगणक बंद करून कागदावर बोरूने काढून बघतो. चित्र कुणी मागितलंच तर शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवतो. तांब्या अजून उभा राहत नाही.

मागच्या वर्षी शाळेत आलो होतो. ड्रॉइंग हॉलची कॉम्प्युटर लॅब झाली आहे. दिवसभर संगणकावर बसणाऱ्या माणसाने याबद्दल कुरकुर करू नये, पण एसीसाठी ती उत्तरेची खिडकी बुजवायला नको होती. तसा सारखा उजेड मला पुढे कुठल्याच स्टुडिओत मिळाला नाही. जिन्याजवळच्या सुविचाराच्या फळ्यावर आता फ्लेक्स आहे, आणि त्यावर ‘शाला’ मधला ल दांडीचा!

संचालक मंडळाला विनंती, तो फ्लेक्स उतरवून फळा मोकळा करा. रंग, कुंचले माझे. मे महिन्यात भिंत कोरडी असते, तेव्हा येऊन रंगवून देतो.